सतरा नंबरच्या पेटीतल्या दोघी

लंडनहून परतल्यावर पुण्यात ज्याने त्याने मला विचारलं, राजवाडा पाहिलास का, नदीवरचा तो उघडणारा पूल पाहिलास का. दोन्ही पाहिले. राजवाड्याबाहेर उभं राहून माझे पाय दुखले, आणि मी होते तेवढ्या वेळात पूल काही उघडला नाही. पण तीन आठवड्यांत मनात राहिलं ते एकच ठिकाण, स्लाऊमधलं एक गोदाम. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तिकडे वर्षानुवर्षं राहणारी आपली माणसंसुद्धा स्लाऊचं नाव काढलं की हसतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी मी कोण ते सांगते. मी दातांची डॉक्टर. चौतीस वर्षं पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजात कवळ्या कशा बसवायच्या हे शिकवलं. तोंडी परीक्षेत मुलांना रडवणारी बाई अशी माझी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. ऋतुजा ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. तिच्या आईची बँकेत नोकरी, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून पाचवीपासून बारावीपर्यंत ती माझ्याकडेच राहिली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या दाढांतली कीड मी काढली. आता ती एकतीस वर्षांची आहे, ईलिंगला राहते आणि मेलेल्या माणसांच्या दातांतून त्यांचे नातेवाईक शोधते.

ईलिंग, रविवार

ऋतुजाचं घर म्हणजे एका जुन्या घराचा वरचा मजला. खाली पंजाबी कुटुंब, समोर श्रीलंकेचे एक आजोबा, कोपऱ्यावर भाजीवाला, त्याच्याकडे कढीपत्ता, गवार, अळू सगळं. पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढ्या लांब येऊन मी कोथरूडलाच उतरले की काय. फरक कळला तो कचऱ्यात. कौन्सिलचे तीन रंगांचे डबे, कुठला कधी बाहेर ठेवायचा याचं वेळापत्रक फ्रीजवर. मी कांद्याची सालं चुकीच्या डब्यात टाकली तर ऋतुजाने ती हाताने उचलून दुसऱ्यात टाकली. लहानपणी ही मुलगी स्वतःचं ताट उचलत नसे.

रविवारी दुपारी तिने मला तिचं काम समजावलं. जेवणाच्या टेबलावर मसाल्याच्या बाटल्या एका रांगेत मांडल्या.

"ही नाईल. ही मोहरी म्हणजे खाली साउथला सुदान. ही हळद म्हणजे न्युबिया, आणि तिकडे टोकाला बडीशेप, तो डेल्टा, समुद्राजवळ. नदी साउथकडून नॉर्थला वाहते, सो नकाशात खालून वर."

"बरं. आणि तू काय करतेस?"

"पूर्वी हे साहेब लोक कवट्या मोजायचे आणि दोन ढीग करायचे. हे इजिप्शियन, हे न्युबियन. हे वरचे, हे खालचे. मग त्याच्यावर मोठमोठी पुस्तकं लिहायचे." तिने बाटल्या दोन्हीकडे ढकलून मध्ये जागा केली आणि पुन्हा जवळ आणल्या. "ॲक्च्युअली ढीगच नाहीयेत, काकू. दातांचे आकार बघ, हातापायांच्या हाडांची लांबी बघ, डीएनए बघ. प्रत्येक गाव शेजारच्या गावासारखं. त्याच्या शेजारचं त्याच्यासारखं. कुठे रेष मारायची?"

मला हे लगेच पटलं. इंदापूरहून बसने विजापूरला जाताना माणसं नक्की कुठल्या स्टॉपवर बदलली, हे कोणी सांगून दाखवावं.

मग तिने आवाज खाली आणला. ती लहानपणी पेपर चांगला गेला की अशी बोलायची. न्युबियातल्या एका जुन्या दफनभूमीतली एक बाई तिला सापडली होती. नाव अर्थातच कोणाला ठाऊक नाही, पेटीचा नंबर सतरा. कवटी आणि वरचे दात अगदी त्या गावच्या लोकांसारखे. पण तिच्या दाढेतून काढलेला डीएनए मात्र पार उत्तरेच्या टोकाकडच्या लोकांशी जुळणारा. त्या उन्हाळी प्रदेशात हाडांत डीएनए टिकतच नाही म्हणे, दहांतल्या नऊ वेळा हात हलवत परत यायचं. आणि इथे मिळाला तोही असा. चेहरा इथला, वंश तिथला.

"एका बाईत अख्खी नदी," ऋतुजा म्हणाली. "शुक्रवारी लेस्टरला युनिव्हर्सिटीत टॉक आहे. हेलन येणार आहे."

हेलन म्हणजे तिच्या प्रोफेसर. ऋतुजाचं कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांनी संपत होतं. ते वाढवायचं की नाही हे हेलनबाईंच्या शब्दावर, आणि कॉन्ट्रॅक्ट वाढलं तरच व्हिसा. म्हणजे पोरीचं सगळं भवितव्य सतरा नंबरच्या बाईच्या दाढेवर टांगलेलं होतं. मी म्हटलं, "मला भेटव की एकदा तुझ्या बाईला." तिने माझ्या नावाने आधीच परवानगी काढून ठेवली होती.

स्लाऊ, मंगळवार

ईलिंगहून एलिझाबेथ लाईनने स्लाऊला गेलो. स्टेशनबाहेर बस, मग ट्रेडिंग इस्टेटच्या सरळसोट रस्त्यांनी चालत. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, सगळी सारखीच राखाडी. हवेत चॉकलेटचा वास होता, जवळच कुठेतरी कारखाना असणार. एका म्युझियमला आपल्या इमारतीत जागा पुरत नाही म्हणून त्यांनी इथे गोदाम घेतलं आहे. एका बाजूला फरशांचं दुकान, दुसऱ्या बाजूला कुरिअरच्या गाड्या, आणि मध्ये हजारो वर्षांपूर्वीची माणसं.

दारावरच्या जाडजूड शिखाने माझ्याकडे पाहून ऋतुजाला विचारलं, "मम आलीय?"

"नो, नो. माझ्या काकांची वाइफ," ऋतुजा म्हणाली. "जेनेटिकली आमचं काहीच रिलेशन नाही."

खरं आहे. दीर माझ्या रक्ताचे नाहीत, तेव्हा त्यांची मुलगी कुठून असणार? पण खरं असलं म्हणून ते गेटवरच सांगायला हवं होतं का? मला लागलं. मी रजिस्टरमध्ये सही करताना जरा जास्तच जोरात पेन टेकवलं.

आत इद्रीस भेटले. हाडांची ही सगळी खोली त्यांच्या ताब्यात. पन्नाशीचे, उंच, केस अर्धे पिकलेले, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. ते मूळचे सुदानचे. खार्टूमला त्यांचं घर होतं, ते युद्धात सुटलं. त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि मी चपला, म्हणजे बूट, बाहेर काढले, आत जाऊन हात जोडले. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी विच्छेदनासाठी ठेवलेल्या देहापुढे असेच हात जोडायला शिकवलं होतं. डोळे उघडले तर इद्रीस माझे बूट हातात घेऊन उभे.

"डॉक्टर, माफ करा. इथे अनवाणी चालत नाही, सेफ्टीचा नियम आहे. नमस्कार मात्र चालतो."

मी ओशाळून बूट चढवले. ऋतुजा दुसरीकडे पाहत हसत होती.

दुपारी जेवायला बाहेर यावं लागलं, कारण खाण्याचा कणही आत न्यायचा नाही, किडे होतात. मालाच्या गाड्या लागतात त्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो. मी थालीपिठं आणि दाण्याची चटणी नेली होती. इद्रीसनी डबा उघडला तर त्यात कागदासारख्या पातळ, आंबूस वासाच्या पोळ्या आणि भेंडीचं कालवण. पोळीला ते किसरा म्हणतात.

"कशाची?" मी विचारलं. ऋतुजाने मोबाईलवर त्या धान्याचा फोटो दाखवला. ज्वारी! मी म्हटलं, ही तर आमची. इद्रीस हसले. म्हणाले, ज्वारी पहिल्यांदा पेरली गेली ती आमच्याकडे, तुमच्याकडे नंतर आली. मी ऋतुजाकडे पाहिलं. तिने होय म्हणून मान हलवली. मी जन्मभर मंगळवेढ्याच्या ज्वारीचा तोरा मिरवला, आणि तिचं माहेर निघालं सुदानात. मी त्यांच्या डब्यातलं हाताने खाल्लं, त्यांनी माझं. थालीपीठ त्यांना आवडलं. चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली.

ही पेट्यांतली माणसं इथे आली कशी, हे मला त्यांनी सांगितलं. शंभरावर वर्षांपूर्वी नाईलवरच्या जुन्या धरणाची भिंत वाढवायची ठरली. पाणी चढणार, दफनभूमी बुडणार. म्हणून साहेब लोकांनी नदीकाठ घाईघाईने उकरला, मिळालं ते खोक्यांत भरलं आणि बोटीवर चढवलं. पुढे आणखी मोठं धरण झालं. त्यात इद्रीसच्या आजीचं गाव गेलं.

"आमचं उजनीत गेलं," मी म्हटलं. "मी शाळेत होते. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरलं की देवळाचा कळस दिसतो. लोक होडी घेऊन बघायला जातात."

"आमचं पाणी ओसरत नाही," इद्रीस म्हणाले.

मी त्यांना उरलेलं थालीपीठ दिलं.

जेवणानंतर सतरा नंबरची पेटी निघाली. ऋतुजाने कवटी मऊ उशीवर ठेवली, शेजारी खालचा जबडा. दोन्हीवर काळ्या शाईत एकच नंबर, जबडा इतकी वर्षं कवटीला फितीने बांधलेला होता. कवटी अखंड म्हणून तिला भोक पाडायची परवानगी नव्हती, तेव्हा डीएनएसाठी जबड्यातली एक दाढ घेतली होती. ती रिकामी जागा ऋतुजाने मला कौतुकाने दाखवली. कवटीची मापं जुन्या नोंदवहीत होतीच, ती तिने तिथून उतरवली होती.

मी हातमोजे घातले होते. जबडा उचलला आणि सवयीने वरच्या दातांना लावला. चौतीस वर्षं मी दुसरं केलंय काय? जबडा बसेना. कानापुढच्या खोबणीत डावीकडचा सांधा बसवला की उजवीकडचा बाहेर. वरच्या दाढा पाटासारख्या सपाट, पिठातली रेती आणि जात्याची कच चावून चावून झिजलेल्या, आमच्या गावच्या म्हाताऱ्यांच्या असत तशा. खालच्या दाढांचे उंचवटे मात्र अजून टोकदार. एकमेकींवर घासल्याशिवाय एकच कशी झिजेल?

आणि माझ्या तोंडून थर्ड इयरच्या मुलांवर ओरडावं तसं गेलं, "हा जबडा हिचा नाही! कोणी लावला हा?"

"काकू, दोन्हीवर सेम नंबर आहे."

"नंबर शाईचा आहे गं. चावा बघ ना."

ऋतुजाने जबडा माझ्या हातातून घेतला. लावून पाहिला. फिरवून पाहिला, पुन्हा लावला. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला उमगलं मी काय बोलून बसले ते. चेहरा कवटीचा होता, डीएनए जबड्याचा. एका बाईत अख्खी नदी वगैरे काही नव्हतंच. त्या दोघी होत्या.

इद्रीसनी कवटी आणि जबडा दोन वेगळ्या उशांवर ठेवले. "आज मी काही नोंद करत नाही," ते ऋतुजाला म्हणाले. "ही नोंद तू करायची आहेस. पण एक लक्षात ठेव. दोघी एका पेटीत असतील तर त्यांतल्या एकीला साधा नंबरसुद्धा नाही."

ईलिंग, मंगळवार संध्याकाळ

येताना ट्रेनमध्ये ऋतुजा खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मला स्वतःचीच चीड आली. पोरीने तीन वर्षं ज्यावर घालवली ते मी तीन मिनिटांत मोडलं, तेही दुसऱ्या माणसासमोर. एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?

घरी आल्यावर मी पिठलं टाकलं. ती टेबलाशी बसली. मसाल्याच्या बाटल्या अजून रविवारच्या रांगेतच होत्या.

"ऋतू, माझं चुकलंही असेल," मी म्हटलं. "डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"नाही चुकलं. मलाही दिसलं."

"मग असं कर. शुक्रवारी यातलं काही बोलू नकोस. कॉन्ट्रॅक्ट वाढू दे. नंतर सावकाश तपास आणि दुरुस्त कर. कोणाचं नुकसान आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या तोंडून हे यावं याचं तिला आश्चर्य वाटलं असणार. मलाही वाटलं. मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी यजमानांनाही कधी सांगितली नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी इंदापूर तालुक्यात कवळ्यांचं शिबिर घेतलं होतं. पार्वतीबाई आणि गंगूबाई नावाच्या दोघी जावा आल्या होत्या. कवळ्या धुताना माझ्याकडून एकाच भांड्यात पडल्या आणि एकीची दुसरीला गेली. महिन्याने तपासायला गेले तर दोघींच्या हिरड्या सोलून निघालेल्या. मी विचारलं, "अहो, एवढं दुखत होतं तर वापरल्यात कशाला?" तर पार्वतीबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी दिली म्हंजी बरोबरच आसंल. आमचंच त्वांड वाकडं." मी काय केलं? "जरा घासून आणते," म्हणत दोन्ही कवळ्या आत नेल्या, धुतल्या, अदलाबदल केली आणि बाहेर आणून दिल्या. कवळ्या बसल्या. दोघी माझ्या पाया पडल्या आणि मी त्यांना पडू दिलं.

"बघ," मी म्हटलं, "गुपचूप दुरुस्त झालं की नाही? कोणाला कळलं?"

ऋतुजा हसली, पण डोळे भरले होते. "काकू, तू मला कायम आधी नापास करतेस आणि मग ग्रेस मार्क द्यायला येतेस." तिने नाक पुसलं. "त्या दोघी तोंडाने सांगू शकत होत्या, तरी बोलल्या नाहीत. ह्या दोघींना तर तोंडच नाहीये. जे आहे ते पण एकमेकींचं. आणि तुला अजून आठवतंय ना? इतक्या वर्षांनी? मला नकोय ते."

मी पिठलं वाढलं. खाली थोडं लागलं होतं. तिने तरी दोनदा मागून घेतलं.

स्लाऊ, बुधवार

दुसऱ्या दिवशी पुन्हा चॉकलेटचा वास, पुन्हा रजिस्टर. इद्रीसनी त्याच हंगामात त्याच बोटीने आलेल्या पेट्यांची यादी काढली होती. आम्ही एकेक पेटी उघडत गेलो. मी वरच्या दाढा बघायची, ऋतुजा लिहायची, इद्रीस पेटी आणायचे आणि न्यायचे. माझी कंबर धरली. एकदा तर मी चष्मा कपाळावर ठेवून तो अर्धा तास शोधला, इद्रीसनी भिडेपोटी सांगितलं नाही.

दुपारी पार उत्तरेकडच्या, समुद्राच्या बाजूला असलेल्या एका गावची, त्या बोटीवर वाटेत चढवलेली पेटी निघाली. त्यात एका तरुण बाईची कवटी होती, दाढांचे उंचवटे टोकदार, आणि तिला बांधलेला जबडा मात्र सपाट झिजलेला, म्हाताऱ्या माणसाचा. मी ऋतुजाकडे पाहिलं. तिनेच सतरा नंबरचा जबडा आणला आणि तिनेच लावला. कवळी नीट बसली की हाताला कळतं, आवाज तसा होतही नाही. तिला कळलं. मग झिजलेला जबडा सतरा नंबरच्या म्हातारीला लावला, तोही बसला.

झालं. आश्चर्य संपलं. उत्तरेच्या बाईचा डीएनए उत्तरेचा निघाला, यात सांगण्यासारखं काय? घाईत पेट्या भरणाऱ्या कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी दोघींचे जबडे उलटसुलट बांधले होते आणि नंतर कोणीतरी त्यावर नंबर घातले होते. ऋतुजाने नोंद लिहिली. अक्षर मात्र लहानपणीसारखंच गिचमिड.

इद्रीसनी पेट्या बंद करताना अरबीत काहीतरी हळूच म्हटलं. मी विचारलं तर म्हणाले, सलाम केला. मग मलाही राहवलं नाही. मी दोन्ही झाकणांवर हात ठेवून म्हटलं, "नीट राहा गं बायांनो." ऋतुजाने त्याचं इंग्रजी करून सांगितलं, तेव्हा इद्रीसनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आमच्या आजीच्या गावची दफनभूमी कोणी उकरली नाही. ती तशीच पाण्याखाली आहे. कधी वाटतं ते बरं झालं, कधी वाटतं नाही." मला उजनीच्या पाण्यातलं आमचं स्मशान आठवलं आणि मी त्यांना सांगितलं की मलाही ठरवता येत नाही.

लेस्टर, शुक्रवार

लेस्टरचा हॉल छोटा होता, पुढे चहाचा थर्मास आणि बिस्किटं. हेलनबाई पहिल्या रांगेत. किडकिडीत, पांढरे आखूड केस, मांडीवर वही. मी मागे बसले.

ऋतुजाने नदी दाखवली, दातांचे आकार दाखवले, शेजारची गावं एकमेकांसारखी कशी ते सांगितलं. ते सगळं पक्कं होतं. मग तिने सतरा नंबरचा फोटो लावला आणि म्हणाली, "हा माझा सगळ्यात चांगला रिझल्ट होता. तो चुकीचा आहे." पुढच्या फोटोत दोघी होत्या, आपापल्या जबड्यासह. कवटीची मापं मी न तपासता नोंदवहीतून घेतली, चूक माझी आहे, हेही तिने सांगितलं.

आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी खोकतं, कोणीतरी "असू दे, असू दे" म्हणतं. इथे कोणी हलेना. शेवटी हेलनबाईंनी विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या काकूच्या," ऋतुजा म्हणाली. "त्या कवळ्या बनवतात."

लोक हसले, सगळ्या माना मागे वळल्या. हेलनबाई हसल्या नाहीत. "त्याच लोकांनी बांधलेले असे किती जबडे आहेत?"

"माहीत नाही."

"मग आपल्याला फारसं काहीच माहीत नाही," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

चहाच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "तुम्ही तीन वर्षांपूर्वी यायला हवं होतं." राग होता की कौतुक, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

कॉन्ट्रॅक्टचं पुढे काय झालं, हे इथे मला सगळे विचारतात. मी पुण्याला पोचल्यावर आठवड्याने ऋतुजाचा फोन आला. सहा महिने मिळाले आहेत. नवीन संशोधनासाठी नव्हे, त्या हंगामातल्या सगळ्या पेट्यांमधला जबडा न् जबडा कवटीला लावून बघण्यासाठी. "हमाली आहे, काकू," ती म्हणाली. सहा महिन्यांनी काय, ते तिलाही माहीत नाही. रोज एखादा फोटो पाठवते आणि विचारते, हा बसतोय का? मी दुपारचं जेवण बाजूला सारून भिंगातून बघते.

पण त्या शुक्रवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही बेलग्रेव्ह रोडवर चालत गेलो, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं ओलांडून एका फरसाणवाल्याकडे शिरलो. गल्ल्यावर एक गुजराती आजी होत्या. जन्म कंपालाचा, तिथून आपल्या सगळ्या लोकांना हाकललं तेव्हा लहान मुलीला घेऊन इथे आल्या, हे त्यांनी गाठिया तोलता तोलता सांगून टाकलं. मग आमच्या दोघींकडे नीट पाहिलं.

"माँ-बेटी?" त्यांनी विचारलं. "चेहरा बिल्कुल एक है. नाक देखो, नाक!"

मी वाट पाहिली. आता ही सांगणार, काकांची वाइफ, जेनेटिकली काहीच रिलेशन नाही. दुपारीच भरल्या हॉलमध्ये स्वतःची चूक सांगून आलेली मुलगी होती ती.

ऋतुजाने जिलबीचा तुकडा मोडून माझ्या ताटलीत ठेवला.

"हां जी," ती म्हणाली. "माँ-बेटी."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. ही मात्र काढली नाही.